सिस्टरची ड्युटी किती तासांची?



घरातलं माणूस सरकारी दवाखान्यात दाखल झालं की आपण काय काय विचारतो? खाट मिळाली का? डॉक्टर येऊन गेले का? ऑक्सिजन आहे का? औषध बाहेरून आणायला सांगितलं का? हे सगळे प्रश्न बरोबरच आहेत. पण एक प्रश्न आपण कधी विचारत नाही. त्या खाटेजवळ जी सिस्टर उभी आहे, ती किती तासांपासून उभी आहे?

मीही हा प्रश्न नोकरीतली बरीच वर्षं विचारला नाही. महापालिकेच्या रुग्णालयात मी नर्स म्हणून लागले आणि इन्चार्ज सिस्टर म्हणून निवृत्त झाले. वॉर्डाची ड्युटी लिस्ट लावणं माझ्याकडे होतं. कोणी कधी यायचं, कोणी नाईट करायची, किती तास थांबायचं, हे मीच कागदावर लिहीत होते. त्यामुळे आज जे लिहिते आहे, त्यात माझ्याही चुकीचा हिशेब आहे.

एका पहाटेची गोष्ट

एप्रिल २०२१. कोविडची दुसरी लाट. तीस खाटांचा वॉर्ड भरून वर जादा खाटा टाकलेल्या. माझ्या स्टाफपैकी काही जणी स्वतःच पॉझिटिव्ह होऊन घरी. उरलेल्यांत पाळ्या बसेनात, म्हणून मी बारा तासांची नाईट लावली. रात्री आठ ते सकाळी आठ, अंगावर किट. लिस्ट पूर्ण झाली, वरिष्ठांनी सही केली, सगळ्यांना हायसं वाटलं.

चौथ्या रात्रीनंतरच्या पहाटे, साडेसहाच्या सुमाराला, एक कंत्राटी मुलगी इन्सुलिन भरलेली सिरिंज घेऊन खाटेजवळ गेली. शेजारी शेजारी दोन रुग्ण, दोघांचं आडनाव एकच. गॉगलवर वाफ धरलेली, केसपेपरवरची अक्षरं धुरकट. तिने एकाचा हात धरला आणि तो रुग्ण म्हणाला, “ताई, मला शुगर नाही. ती बाजूच्या काकांना आहे.”

ती तिथेच खाली बसली आणि रडायला लागली.

तो माणूस आपल्यासारख्याच वस्तीतला होता. जागा होता, बोलता येत होतं, म्हणून बोलला. झोपलेला असता किंवा तोंडावर मास्क लावून धापा टाकत असता तर? ज्याला गरज नाही त्याला इन्सुलिन गेलं की रक्तातली साखर एकदम खाली येते. घाम सुटतो, शुद्ध जाते, वेळेत कळलं नाही तर जीवही जातो. वॉर्डात त्या रात्री आमच्यापैकी कुणालाच हे वेळेत कळलं नसतं.

ती मुलगी शिकलेली होती, कष्टाळू होती. रात्री आठपासून तिने मधे एकदाच किट बदललं होतं. तेव्हा प्यायलेल्या पाण्यावर ती सकाळपर्यंत उभी होती. सिरिंज तिच्या हातात होती, पण ती चूक मी लावलेल्या लिस्टमधून आली होती.

किटमधला तास मोठा असतो

ज्यांनी किट घातलेलं नाही त्यांना सहा तास आणि बारा तास यांतला फरक कळणं अवघड आहे. अंगभर प्लास्टिकसारखा झगा, दोन जोड्या हातमोजे, तोंडावर घट्ट मास्क, वर गॉगल, वर शील्ड. मुंबईचा एप्रिल-मे. घाम बाहेर जायला वाट नाही. एकदा किट चढवलं की पाणी प्यायचं नाही, घास खायचा नाही, लघवीला जायचं नाही. मासिक पाळी असली तरी तसंच उभं राहायचं. कित्येक जणी डायपर बांधून ड्युटी करत होत्या. नाकावर मास्कचे वळ उठायचे, काखेत आणि मांडीत पुरळ यायचं, लघवीला जळजळ सुरू व्हायची.

किट उतरवताना तर सगळ्यात जास्त धोका. बाहेरची बाजू अंगाला न लावता एक एक वस्तू क्रमाने काढावी लागते आणि प्रत्येक वेळी हात धुवावे लागतात. हे काम थकलेल्या माणसाच्या हातून नीट होत नाही. म्हणजे लांब ड्युटीने रुग्णाचा धोका वाढतो, सिस्टरचा वाढतो आणि ती जिथे झोपायला येते त्या दहा बाय दहाच्या खोलीतल्या सगळ्यांचा वाढतो.

जगाला हे कोविडच्या आधीपासून माहीत होतं. पश्चिम आफ्रिकेत २०१४-१५ साली इबोलाची साथ होती. तिथल्या उपचार केंद्रांत उष्म्यामुळे किटमध्ये एका वेळी साधारण तासाभरापेक्षा जास्त थांबू देत नसत. आपल्याकडे जून २०२० मध्ये दिल्लीच्या एम्समधल्या नर्सेसच्या संघटनेने आंदोलन केलं. तिची एक मुख्य मागणी हीच होती, की कोविड विभागात किट घालून चार तासांपेक्षा लांब ड्युटी नको. त्या वेळी काहींनी नाकं मुरडली. साथ चालू असताना यांना तास मोजायचे आहेत, असं बोललं गेलं. तास मोजणं म्हणजे कामचुकारपणा, ही समजूत आधी डोक्यातून काढली पाहिजे.

थकवा हा औषधाइतकाच तपासायचा विषय आहे

अमेरिकेत नर्सेसच्या ड्युटीचा एक अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. साडेबारा तास किंवा त्याहून जास्त काम झालं की हातून चूक होण्याची शक्यता जवळजवळ तिप्पट होते, असं त्यात दिसलं. त्याआधी २००२ साली तिथल्याच पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या १६८ रुग्णालयांचा अभ्यास झाला. शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या बाबतीत, एका नर्सकडे एक रुग्ण जास्त दिला की महिन्याभरात रुग्ण दगावण्याची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते, असं त्यात आढळलं. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी मे २०२१ मध्ये सांगितलं, की आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ तास किंवा जास्त काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी जास्त असतो. बारा तासांच्या सहा ड्युट्या म्हणजे आठवड्याचे ७२ तास. आपल्या पोरींना आपण कुठे नेऊन ठेवलं होतं, ते यावरून समजा.

मग तास वाढवतात कशासाठी?

यामागे एक साधं गणित आहे आणि ते वस्तीतल्या प्रत्येकाला समजलं पाहिजे.

भारतीय परिचर्या परिषदेचा निकष सांगतो की साध्या रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक नर्स हवी, शिकवणाऱ्या रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक आणि अतिदक्षता विभागात एका रुग्णाला एक. शिवाय रजा-आजारपणासाठी वर ३० टक्के राखीव. आता तीस खाटांचा वॉर्ड घ्या. पाचाला एक म्हणजे एका पाळीत सहा नर्स. आठ तासांच्या तीन पाळ्या केल्या तर अठरा, राखीव धरून चोवीसच्या आसपास. बारा तासांच्या दोनच पाळ्या केल्या तर काम बारा जणींत भागलं. कागदावर सहा पगार वाचले, राखीव धरला तर आठ. सहा तासांच्या चार पाळ्या करायच्या तर चोवीस, राखीव धरून एकतीस-बत्तीस लागतात.

म्हणजे बारा तासांची ड्युटी साथीमुळे येत नाही. ती रिकाम्या जागांमुळे येते. साथ येण्याआधी वर्षानुवर्षं भरती झालेली नसते. साथ आली की तेवढ्याच बायकांचे तास ताणले जातात आणि त्याला सेवा असं नाव दिलं जातं. मग त्यातल्या काही आजारी पडतात, चौदा दिवस घरी बसतात आणि उरलेल्यांचे तास आणखी वाढतात. वाचवलेले पगार असे एका महिन्यात परत जातात, पण ती नोंद कुठल्या रजिस्टरमध्ये होत नाही.

बाबासाहेबांनी तास मोजायला शिकवले

आपल्या समाजाला तास मोजण्याची लाज वाटायचं काहीच कारण नाही. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. महायुद्ध चालू होतं, तेव्हाही देशाच्या गरजेच्या नावाखाली कामगार किती राबवावा याला हिशेब नव्हता. युद्ध संपल्यावर १९४६ साली त्यांनी कारखाने कायद्यात दुरुस्ती आणली आणि बारमाही कारखान्यांत आठवड्याचे ५४ तास होते ते ४८ वर आले. कामगाराच्या विश्रांतीचा वेळ ही मालकाची मेहरबानी नाही, तो कायद्यात लिहिलेला हक्क असला पाहिजे, हा त्यातला धडा.

पण रुग्णालय म्हणजे कारखाना नव्हे. त्यामुळे कारखाने कायद्याचं ते संरक्षण नर्सपर्यंत आपोआप पोहोचलं नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९७७ साली नर्सेससाठी वेगळी शिफारस केली. रोजचं नेहमीचं काम आठ तासांचं, जादा काम धरूनही दिवसाला बारा तासांच्या वर नाही, दोन पाळ्यांमध्ये निदान बारा तासांची विश्रांती. पन्नास वर्षं होत आली, आणि आपल्याकडे आजही खासगी नर्सिंग होममध्ये बारा तास हीच नेहमीची ड्युटी मानली जाते.

साथीचा कायदा बघा. मुंबई-पुण्यात प्लेग पसरला तेव्हा फेब्रुवारी १८९७ मध्ये इंग्रजांनी तो केला. त्यानंतर सुमारे महिन्याभराने, १० मार्च १८९७ रोजी, प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता सावित्रीमाई गेल्या. त्या कायद्यात रुग्णाला हलवण्याचे, गाड्या तपासण्याचे अधिकार होते. सेवा करणाऱ्यासाठी काही नव्हतं. २०२० साली त्यात दुरुस्ती झाली. डॉक्टर-नर्सवर हात उचलणाऱ्याला शिक्षा आली, ते चांगलंच झालं. पण तिने किती तास उभं राहायचं, हे तिथेही लिहिलं नाही. सरकारने ५० लाखांचा विमा जाहीर केला, तोही मेल्यावरचा. टाळ्या झाल्या, थाळ्या झाल्या, हेलिकॉप्टरमधून फुलं पडली. सहा तासांची पाळी मात्र मागूनही मिळाली नाही.

आपण सावित्रीमाईंच्या त्यागापुढे नतमस्तक होतो. पण त्या गेल्या तेव्हा प्लेगवर औषध नव्हतं, हातात मोजे नव्हते. आज सगळं असताना केवळ माणसं भरायची नाहीत म्हणून एखादी लेक आजारी पडत असेल, तर त्याला त्याग म्हणू नये. तो हलगर्जीपणा आहे.

१ ऑक्टोबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने गुजरात सरकारचा एक आदेश रद्द केला. साथीचं कारण देऊन तिथल्या कारखान्यांत रोज बारा तास काम करून घ्यायला आणि जादा कामाचा दुप्पट मोबदला न द्यायला त्या आदेशाने मुभा दिली होती. न्यायालयाने ती मान्य केली नाही. निकाल कारखान्यांपुरता असला तरी त्यातली गोष्ट आपण धरून ठेवावी. साथ आली म्हणून कष्टकऱ्याचा हक्क सुट्टीवर जात नाही.

दुसरी बाजूही ऐकू

काही सिस्टर स्वतःच बारा तास मागतात, हे मला माहीत आहे. मार्च २०२० मध्ये लोकल बंद झाली आणि अत्यावश्यक सेवेसाठी ती १५ जूनला सुरू झाली. मधल्या काळात बदलापूर-विरारकडच्या मुली बस बदलत बदलत येत होत्या. त्यांना रोज आठ तास करण्यापेक्षा बारा तास करून पुढे दोन दिवस घरी राहणं बरं वाटायचं. त्यांचं चूक नव्हतं. शिवाय छोट्या पाळ्यांना किट जास्त लागतात आणि सुरुवातीला किटचाच तुटवडा होता, हेही खरं.

पण आठवड्यात तीन वेळा बारा तास करून उरलेले दिवस सुट्टी मिळणं वेगळं आणि सहा वेळा बारा तास करणं वेगळं. नाव बारा तासांचंच, पण आपल्याकडे पहिलं सांगून दुसरं करून घेतलं गेलं. किटचा तुटवडा पहिल्या काही महिन्यांचा होता, दुसऱ्या लाटेत आमच्या वॉर्डात किटची खोकी रचून ठेवलेली होती. नव्हत्या त्या नर्स. प्रवासाचं म्हणाल तर त्यावर उपाय गाडी आणि राहायची खोली हा आहे.

मागणी काय करायची?

पावसाळा आला की डेंग्यू, मलेरिया, लेप्टोने सरकारी वॉर्ड भरतात, खाली गाद्या पडतात. म्हणजे साथ दर वर्षी येतेच. मोठी कधी येईल सांगता येत नाही. म्हणून आत्ताच मागायचं.

एक, संपूर्ण किट घालून सलग चार तासांच्या वर काम नको आणि किट घालणं, काढणं, ओव्हर देणं-घेणं धरून ड्युटी सहा तासांची. दोन, डबल ड्युटी बंद, दोन पाळ्यांत बारा तासांचं अंतर, आठवड्याचा ऑफ काहीही झालं तरी मिळालाच पाहिजे. तीन, हेच तास कंत्राटी नर्सला, मावशींना, वॉर्डबॉयला आणि सफाई कामगारांना. त्याच वॉर्डात, तोच जंतू, मग तास वेगळे का? यातले किती तरी जण आपल्याच घरांतले आहेत. चार, प्रत्येक वॉर्डाच्या दारावर रोज फळ्यावर लिहायचं, की रुग्ण किती आणि या पाळीत नर्स किती. पाच, रिकाम्या जागा साथीची वाट न बघता भरायच्या.

यासाठी आपण काय करू शकतो? आपल्या रुग्णालयात मंजूर जागा किती, भरलेल्या किती, हे माहितीच्या अधिकारात विचारता येतं. फी दहा रुपये, उत्तर तीस दिवसांत द्यावं लागतं. वस्तीतल्या कॉलेजच्या पोरांनी एक अर्ज टाकायला हरकत नाही. उत्तर आलं की ते विहारात रविवारी सगळ्यांसमोर वाचा. रुग्ण कल्याण समितीचे सदस्य कोण आहेत ते शोधा आणि त्यांना तो आकडा दाखवा. मत मागायला येणाऱ्याला खाटा किती वाढवणार हे विचाराल, तेव्हा लगेच विचारा, त्या खाटांना नर्स किती?

ज्यांच्या मुली नर्सिंग करून खासगीत लागत आहेत, त्यांनीही ऐका. खासगी नर्सेसच्या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली समिती नेमायला सांगितलं होतं. पन्नासपेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयातही पगार वीस हजारांच्या खाली नको आणि रजा, कामाचे तास सरकारी नर्सच्या बरोबरीचे हवेत, असं त्या समितीने सुचवलं. पोरीच्या हातात नेमणुकीचं पत्र आलं की नुसता पगाराचा आकडा बघू नका. तास लिहिलेत का, ऑफ लिहिलाय का, तेही वाचा. लिहिलं नसेल तर लिहून मागा.

आणि एक गोष्ट घरातली. नाईट करून आलेली सिस्टर सकाळी नऊला वस्तीत शिरते. तेव्हा नळाचं पाणी जाऊन बसलेलं असतं, संडासापुढे रांग असते, शेजारी टीव्ही मोठ्याने चालू असतो. तिची दुसरी ड्युटी तिथे सुरू होते. तिचे दोन हंडे कोणी तरी भरून ठेवा. दुपारी तिच्या दारापुढचा आवाज कमी करा. नवरा, सासू, दीर, सगळ्यांनी स्वयंपाक वाटून घ्या. रात्री ती ज्याच्या खाटेजवळ उभी राहणार आहे, तो उद्या आपल्यापैकीच कुणी असेल.

त्या पहाटे रडलेल्या मुलीला मी दुसऱ्या दिवशी ऑफ दिला आणि वरिष्ठांना लेखी कळवलं की यापुढे माझ्या वॉर्डात किटमधली बारा तासांची नाईट लागणार नाही. मला बोलणी खावी लागली. जादा स्टाफ पूर्ण मिळाला नाही, दोनच मुली मिळाल्या. तेवढ्यावर नाईट आठ तासांवर आणली. हे मी पहिल्याच रात्री करायला हवं होतं.

पुढच्या वेळी दवाखान्यात गेलात तर सिस्टरला एकदा विचारा, “ताई, किती वाजल्यापासून आहात?” तिला बरं वाटेल. आणि उत्तर ऐकून तुम्हाला कळेल की आपला पेशंट कुणाच्या हातात आहे आणि ते हात किती थकलेले आहेत.

जय भीम.